पाहुण्यांचा गोल

आमच्या नौबहार फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायला घेतला, तर विजयांचं प्रकरण अर्ध्या पानात आटपतं. पराभवांचं लिहायचं म्हटलं, तर या अंकाची पानं पुरणार नाहीत आणि जाहिरातदार रागावतील. म्हणून मी दोन्हींच्या वाटेला जात नाही. आम्ही ठरवून खाल्लेल्या गोलांविषयी लिहितो. त्या बाबतीत अख्ख्या मराठवाड्यात आमचा हात धरणारा क्लब नव्हता, आणि ते गोल कसे खायचे हे शिकवणारा मास्तर मी होतो.

पेशानं मी शाळेतला पी.टी.चा शिक्षक. घर फुलंब्रीकडचं, शेतकऱ्याचं. वडिलांना वाटत होतं पोरगं तलाठी होईल, निदान ग्रामसेवक तरी. पोरगं झालं शिट्टी वाजवणारं. दिवसभर शाळेत ‘सावधान, विश्राम’ आणि संध्याकाळी शहरातल्या उस्मानपुऱ्यामागच्या मैदानावर नौबहारचा प्रशिक्षक, असं माझं अर्धं आयुष्य गेलं. शाळेनं पगार दिला आणि क्लबनं शहाणपण. दोन्ही जेमतेमच होतं.

नौबहार म्हणजे नवा वसंत. ज्या मैदानावर गवताची काडी कधी उगवली नाही, तिथल्या क्लबला हे नाव देणारे दोघंही माझ्या काळात हयात होते आणि पदावरही होते. अध्यक्ष वकीलसाहेब जुन्या हैदराबादी वळणाचे, उन्हाळ्यातसुद्धा शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावणारे. चिटणीस देशपांडे कचेरीतले कारकून. घरात भाजी कुठली करायची याचाही ते ठराव करत असतील असं आम्ही म्हणायचो. पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या अमलातले बरेच खेळाडू अंमलदार सामानसुमान आवरून शहर सोडून गेले. त्यांच्या मागं मैदानावर दोन गोलपोस्ट तेवढे उभे राहिले. कुणी ते सरपणाला नेण्याआधी आपण क्लब काढू, असं या दोघांनी ठरवलं. इतर ठिकाणी आधी संघ निघतो, मग खांब पुरतात. आमच्याकडं खांब आधी होते, त्यांच्यासाठी माणसं शोधावी लागली.

पहिल्या सामन्याच्या उद्घाटनाला एक फौजी अधिकारी बोलावला होता. पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडू ठेवला, साहेबांनी बुटानं ढकलला आणि तो घरंगळत आमच्या गोलकीपरच्या पायाशी आला. कीपर म्हणजे एक गरीब घड्याळदुरुस्तीवाला. पोलीस ॲक्शन होऊन फार काळ लोटला नव्हता. वर्दीतल्या माणसाकडून आलेली कुठलीही गोष्ट अडवू नये, एवढं सगळ्या शहराला कळून चुकलं होतं. त्यानं अदबीनं पाय फाकवले आणि चेंडूला वाट दिली. साहेब कशाला तरी हसले. ते गोल झाला म्हणूनच हसले, असं कमिटीनं गृहीत धरलं आणि देशपांड्यांनी ठराव केला, की पाहुण्यांचा गोल होऊ देणं ही क्लबची परंपरा आहे. एकदा घडलेल्या गोष्टीला परंपरा म्हणायची त्यांना भारी घाई असायची.

मी क्लबमध्ये आलो तोवर या परंपरेनं चांगलं बाळसं धरलं होतं. कलेक्टर झाले, फौजदार झाले, जिनिंगवाले शेठ झाले, एक कीर्तनकारही झाले. सगळ्यांचे गोल झाले. एका डॉक्टरसाहेबांची लाथ चेंडूला लागलीच नाही. पायातली चप्पल मात्र उडाली आणि थेट जाळ्यात गेली. चेंडू जागचा हललेला नाही. कमिटी तिथंच उभ्या उभ्या बसली. वकीलसाहेब म्हणाले, “मेहमान का पाँव और मेहमान की चप्पल, फर्क काय?” चपलेचा गोल मंजूर झाला. डॉक्टरसाहेब एका पायानं लंगडत सत्कार घ्यायला गेले आणि दुसऱ्या संघाचे खेळाडू उन्हात उभे राहून टाळ्या वाजवत होते.

बाहेरच्यांना वाटतं, प्रशिक्षक म्हणजे डावपेच आखणारा माणूस. आमच्याकडं डावपेच वाळूजच्या कारखान्यांचे सुपरवायझर आखायचे. माझे निम्मे खेळाडू तिथं कामाला. कोण पहिल्या पाळीत, कोण दुसऱ्या पाळीत, यावर संघ ठरायचा. लेफ्ट बॅकला दुसरी पाळी लागली की आमची डावी बाजू उघडी. समोरच्या संघांनाही ते माहीत झालं होतं, ते सामन्याआधी माझ्याशी हात मिळवून प्रेमानं विचारायचे, “सर, आज डावीकडं कुणी आहे का?” माझं खरं काम होतं शिफ्टच्या बसची वाट बघणं, मैदानावरच्या म्हशी हाकलणं, फक्की मारून रेषा आखणं आणि त्या रेषांवर धोब्यांनी चादरी वाळत घालू नयेत म्हणून त्यांच्या विनवण्या करणं. उरलेल्या वेळात फुटबॉल.

आणि गोलकीपरला गोल खायला शिकवणं. ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. नुसतं बाजूला झालं तर पाहुण्यांचा अपमान. फार नाटक केलं तर लोक फिदीफिदी हसतात, तोही अपमान. झेप खरी दिसली पाहिजे पण उशिराची. चेंडू डावीकडून येत असेल तर देह उजवीकडं पडला पाहिजे. पडल्यावर मान वळवून जाळ्यातल्या चेंडूकडं हळहळून बघायचं आणि एक हात जमिनीवर आपटायचा. तो हात मी बसवून घेतला होता. एका कीपरनं भरात दोन्ही हात आपटले आणि वर कपाळही आपटलं. पाहुणे घाबरून त्याला उठवायला धावले. त्याला मी पुढं फॉरवर्डला खेळवलं.

मग जालिंदर आला. फुलंब्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातला, वाळूजला हेल्पर म्हणून लागलेला. फुटबॉल त्यानं वाळूजला येईपर्यंत पाहिलासुद्धा नव्हता. पण सुगीत कडब्याची गंजी रचताना खालून पेंढ्या फेकतात ना, त्या वर उभं राहून झेलायचं काम लहानपणापासून त्याच्याकडं. वारा कसाही असो, पेंढी कशीही येवो, ती त्याच्या हातात जायची. त्याला पहिल्याच दिवशी खांबांमध्ये उभा केला आणि आमच्या सगळ्या बहाद्दरांना चेंडू मारायला लावले. एकही आत गेला नाही. आमचे बहाद्दर तसे आत घालणारे नव्हतेच, हे मान्य करून सांगतो, तरी मी त्या दिवशी घरी जाताना सायकलवर गाणं म्हणत गेलो.

मला काळजी होती ती पाहुण्यांच्या गोलाची. अशा माणसाला सोडायला कसं शिकवायचं? पण जालिंदरनं ते असं उचललं की मी थक्क झालो. झेप, हळहळ, हात, सगळं जागच्या जागी. एका शेठजींना तर आपण खरोखर फुटबॉलपटू झालो असतो असं वाटायला लागलं.

“तुला त्रास नाही का होत रे?” मी एकदा विचारलं.

“कशाचा सर? ते चेंडू मेलेलेच अस्तेत. गुमान वाट द्यायची. त्यात काय लाज हाय?”

मैदान सरकारी होतं. क्लबला ते वापरायला मिळायचं आणि दर काही वर्षांनी मुदत वाढवून घ्यावी लागायची. आजवर ती आपोआप वाढायची, कारण त्या दगडाळ जागेचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. मग वाळूज फोफावलं, शहर फुगलं, उस्मानपुऱ्यात जागेला भाव आला आणि लोकांना अचानक आमचं मैदान दिसू लागलं. तिथं दुकानांची इमारत व्हायची आहे अशी कुजबुज सुरू झाली. शेवटचा शब्द आप्पासाहेबांचा, असं जो तो सांगत होता. आप्पासाहेब म्हणजे पंचक्रोशीतले पुढारी. तरुणपणी नामी पैलवान. आता कान तेवढे मोडलेले आणि आवाज तेवढा उरलेला.

मैदान गेलं तर क्लब संपला, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. कारखान्यातून थकून आलेली ती पोरं आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी त्या दगडांवर माणसात यायची. मलाही शाळेतल्या कवायतीपेक्षा तीच जागा आपली वाटायची. कमिटीनं ठरवलं, की वर्धापनदिनाच्या स्पर्धेला आप्पासाहेबांना बोलवायचं, गोल होऊ द्यायचा, सत्कार करायचा आणि त्या आनंदाच्या भरात माइकवरच मुदत वाढवून मागायची. वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

“मास्टर, आता क्लबची इज्जत तुमच्या गोलकीपरच्या हातात आहे.”

“हातात नाही साहेब,” देशपांडे म्हणाले, “हाताबाहेर.”

त्यांनी आयुष्यात केलेला हा एकच विनोद मला आठवतो, आणि तोही ते गंभीरपणे म्हणाले होते.

मी जालिंदरला घेऊन सराव केला. “आप्पासाहेबांना मी निरोप दिलाय, कीपरच्या डावीकडं मारा म्हणून. तू उजवीकडं पडायचं. मैदानाचा सवाल आहे, चूक नको.”

“सर, आजवर कव्हा अडवला का पाहुण्याचा? तुम्ही बिनघोर ऱ्हावा.”

वर्धापनदिनाला भिंतीवर, झाडावर, रिक्षांच्या टपावर माणसं होती. पहिली पाळी सुटून आलेले वाळूजचे कामगार एका बाजूला रांगेनं बसलेले. जालन्याहून आलेला पाहुणा संघ उन्हात ताटकळत होता. नारळ फुटला, फेटे बांधले, चार भाषणं झाली. त्यातल्या तीन भाषणांत क्रिकेटचा गौरव होता. मग आप्पासाहेब उठले. त्यांनी चपला काढून ठेवल्या, धोतराचा काचा मारला आणि चेंडूपासून चांगले लांब मागं गेले. आजवरचे पाहुणे चेंडूजवळ उभे राहून फोटोकडं बघत लाथ मारायचे. हा माणूस आखाड्यात उतरल्यासारखा चेंडूकडं बघत होता.

आप्पासाहेब धावत आले आणि अनवाणी पायाच्या अंगठ्यानं त्यांनी चेंडू असा ठोकला की आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. फुटबॉल कळणारा कुणीही अंगठ्यानं मारत नाही, कारण चेंडू कुठं जाईल ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तो उठला आणि डाव्या खांबाच्या वरच्या कोपऱ्याकडं निघाला. नौबहारच्या कुठल्या खेळाडूनं तसा चेंडू मारलेला मी पाहिला नव्हता. जालिंदरनं सांगितल्याप्रमाणे उजवीकडं एक पाऊल टाकलं होतं. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो, आता तर नाटकाचीही गरज नाही.

जालिंदरचं ते पाऊल तिथंच थांबलं. तो वळला, डावीकडं उडाला आणि तो चेंडू त्यानं दोन्ही हातांनी हवेत धरला. नुसता थोपवला नाही, धरला. छातीशी घेऊन दगडांवर आदळला आणि तसाच पडून राहिला.

मग कामगारांच्या बाजूनं जी आरोळी उठली, ती मला अजून ऐकू येते. झाडावरचे लोक ओरडत होते, जालन्याचे खेळाडू एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. वकीलसाहेबांनी डोळे मिटून घेतले. देशपांडे धोतर सावरत मैदानात धावत सुटले आणि ओरडू लागले, “सोड! अरे सोड तो चेंडू! आत टाक!” ते जितकं ओरडत तितका जालिंदर चेंडू घट्ट धरत होता. माइकवाल्यानं प्रसंग ओळखून “पाहुणे पुन्हा एकदा मारतील” अशी घोषणाही केली. पण आप्पासाहेब तोवर चपला घालून गाडीकडं निघाले होते. चहाचा कप तसाच राहिला आणि माइकवर मागायचं ते मागायचं राहून गेलं.

मी जालिंदरला उठवला. कोपरं सोलवटली होती. मी संतापलो होतो, हे कबूल करतो; आणि त्याच वेळी मला त्याला मिठी मारावीशी वाटत होती, हेही लिहितो.

“अरे, का अडवलास?”

त्याचा चेहरा पडला होता, पण डोळे चमकत होते. “सर, आजवरचे मेलेले व्हते, त्येंला वाट देता आली. ह्यो जिवंत आला. ह्याला सोडला असता, तं मंग मी तिथं कामून उभा हाय?”

प्रशिक्षकाच्या कुठल्याच शिबिरात यावर बोलत नाहीत.

त्यानंतर काही दिवसांतच मैदानाभोवती खुंट्या ठोकल्या गेल्या, तारा आल्या, आणि आमच्या पेनल्टीच्या ठिपक्यावर कुणीतरी सिमेंटचा मिक्सर आणून उभा केला. कमिटीत हलकल्लोळ झाला. मैदान जाण्याचं कारण सगळ्यांना पाठ होतं: जालिंदरनं गोल अडवला, आप्पासाहेबांचा अपमान झाला, चहा न घेता गेले, आणि मैदान गेलं. चहाचा तो कप इतक्या वेळा सांगितला गेला की शेवटी शेवटी आप्पासाहेबांनी तो फेकून दिला होता असं ऐकू येऊ लागलं. जालिंदरनं बंगल्यावर जाऊन माफी मागावी असं ठरलं. सोबत शाल, नारळ, पेढे आणि मी.

बंगल्यावर कामं घेऊन आलेल्यांची ही गर्दी. आमचा नंबर आला तेव्हा आप्पासाहेब बाजेवर बसून पायाचा अंगठा चोळत होते. मी नौबहार क्लबचं नाव सांगितलं.

“कोनता क्लब?”

“फुटबॉलचा, आप्पासाहेब. वर्धापनदिनाला आला होतात. उस्मानपुऱ्यामागं, मैदानावर.”

“हां हां! त्या दगडांतलं!” त्यांचा चेहरा खुलला. “अंगठा अजून ठनकतोय बघा. त्या दिशी मला आनखी तीन कार्यक्रम व्हते, सगळीकडं लंगडत गेलो. हा पैलवान कोन?”

जालिंदर पुढं झाला. “साहेब, तुमचा चेंडू मी धरला व्हता. माफी मागाया आलो.”

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं, मग माझ्याकडं. “कोनी तरी धरला व्हता का? मी मारला न् तसाच निघालो, लई लागलं व्हतं. बरं मंग, धरायचाच असतो ना त्यो? तेच ह्याचं काम ना? माफी कशाची मागतो येड्या?”

कशीबशी मी मैदानाची गोष्ट काढली. मुदत, क्लब, खेळाडू.

“ती जागा?” आप्पासाहेब म्हणाले. “मास्तर, तिचं पार गेल्या साली ठरलं. दुकानं व्हनार. तुम्ही बोलावलं तव्हा मला वाटलं निरोपाचा कार्यक्रम ठेवलाय. म्हून तर आलो.” मग त्यांनी पेढ्यातला एक जालिंदरला दिला, एक मला दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

फाटकाबाहेर आलो तेव्हा मला हसू आवरेना. घड्याळदुरुस्तीवाल्यापासून जालिंदरपर्यंत आमच्या कीपरांच्या पिढ्या पाहुण्यांसमोर धुळीत लोळल्या. मी हात आपटायला शिकवला, उशिरा झेपायला शिकवलं, आणि गोल झाला काय न झाला काय, हे समोरच्याला कळलंसुद्धा नसणार. त्यांच्या लेखी नारळ फोडणं आणि लाथ मारणं एकच होतं. एवढी वर्षं आम्ही ज्यांची खुशामत करत होतो, त्यांना आपली खुशामत चाललीय हेच ठाऊक नव्हतं.

“जालिंदर, सुटलास!” मी म्हणालो. “तुझ्यामुळं काही झालेलं नाही. आजच कमिटीला सांगतो.”

तो बंगल्यासमोरच्या पुलाच्या कठड्यावर बसून राहिला होता. पेढा हातात तसाच. मैदान जाणार हे कळल्यावरही त्याला एवढा खचलेला मी पाहिला नव्हता.

“सर, त्येंनी बघितलंच नाय.”

“मग? बरंच झालं की.”

“काय बरं झालं? मह्या जल्मात तसा चेंडू पुन्हा येनार नाय. ज्यानं मारला त्यालाच म्हाईत नाय तो धरला म्हून.” मग म्हणाला, “सर, एक ऐकता का? कमिटीला ह्यातलं सांगू नका.”

“वेडा आहेस का? ते तुला काढून टाकतील.”

“मैदानच नाय तं काढून काढून कशातून काढतील? मह्यामुळं गेलं म्हनतेत, तं म्हनू द्या. मैदान जाईल एवढा मोठा चेंडू अडवला, असं तरी ऱ्हाईल. तुम्ही खरं सांगितलं तं उद्या कोनी म्हनंल, काय झालं मोठं, कोनी बघितलं बी नाय.”

मी शब्द दिला आणि आजवर पाळला. उस्मानपुऱ्यात त्या दुकानांसमोर अजूनही कुणी म्हातारा नव्या माणसाला सांगताना भेटतो, की ही सगळी जागा एका गोलकीपरच्या हट्टापायी गेली. मी मान डोलावतो. हे लिहायला बसण्याआधी मात्र फुलंब्रीच्या पलीकडं जाऊन जालिंदरला विचारून आलो. वाळूजची नोकरी संपवून तो आता गावी असतो. शेतावर बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लिहा आता. आप्पासाहेब गेले, कमिटी गेली. पन चेंडू कसा आला व्हता ते नीट लिहा सर, पयले ते लिहा.” तसं लिहिलं आहे. आता राहिली ती कमिटीची शेवटची बैठक.

ती वकीलसाहेबांच्या ओट्यावर झाली. दुसरी जागा उरली नव्हती. नौबहारचे सगळे उरलेसुरले लोक होते. माझ्या जिभेवर खरं आलेलं होतं आणि मी ते गिळून बसलो होतो. देशपांड्यांनी उभं राहून ठराव वाचला: गोलकीपर जालिंदर यांनी प्रमुख पाहुण्यांचा चेंडू अडवून क्लबच्या परंपरेचा भंग केला, त्यामुळे क्लबला मैदान गमवावे लागले, सबब त्यांना संघातून कायमचे काढून टाकण्यात येत आहे. ज्या संघाला उभं राहायला वीतभर जागा नव्हती, त्यातून एका माणसाला काढताना देशपांड्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. जालिंदर ताठ उभा राहून ऐकत होता. वाचून संपल्यावर देशपांड्यांनी विचारलं, “तुम्हाला काही म्हणायचंय?”

“व्हय साहेब. सगळं कबूल हाय. फकस्त नुसतं ‘अडवून’ नका लिहू. ‘डावीकडं झेप घिऊन, वरच्या कोपऱ्यातला’ असं टाका. नायतर वाचनाऱ्याला वाटंल, पायाशी आलेला उचलला.”

असा बदल करता येतो का, हे देशपांड्यांना कळेना. त्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं. वकीलसाहेबांनी शेरवानीचं गळ्याजवळचं बटण सोडलं, बराच वेळ जालिंदरच्या सोललेल्या कोपरांकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, “लिहा, देशपांडे. मी डोळे मिटले होते खरे, पण त्याआधी पाहिलं होतं. दोन्ही हातांनी धरला, तेही लिहा.”